पाण्यावर पाटी लावून पोरं वाचत नाहीत : बेळगाव जिल्हा प्रशासन, वनखाते आणि पाटबंधारे खात्याला खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, मा. उपवनसंरक्षक आणि पाटबंधारे खात्याचे मा. अधिकारी, बेळगाव यांस,

सविनय नमस्कार.

जून उजाडला की खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटांवर बॅरिकेड लागतात. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या बाजूला पोलीस आणि वनरक्षक उभे राहतात, गाड्या परत फिरवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. कणकुंबी-आमगावचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, तो जुलै महिन्यात वज्रपोहा धबधब्याच्या तोंडाशी उभं राहू द्या असं कधीच म्हणणार नाही. वरच्या डोंगरात ढग फुटतो, खाली ऊन असतं, आणि घोटाभर पाण्याचा ओढा बघता बघता कमरेपर्यंत येतो.

पण दोन तारखा आपल्यासमोर ठेवतो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुली गेल्या. दोन्ही वेळी पावसाळा नव्हता. दोन्ही जागा आपल्या हद्दीबाहेरच्या, महाराष्ट्रातल्या. आपण कितीही कडक बंदी घातली असती तरी या बारा जणांना ती लागू झाली नसती. त्यांना वाचवू शकली असती ती एकच गोष्ट : पाणी ओळखण्याची सवय. ती त्यांना कुणीच लावली नव्हती. घरानं नाही, शाळेनं नाही, सरकारनंही नाही.

या पत्रातून मला एवढंच मागायचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या पाण्याचे दोन स्पष्ट भाग करा. काही पाणी कायमचं आणि खरोखर बंद ठेवा. काही पाणी उघडा, तेही नीट : हातानं वल्हवायच्या होड्या, मोजकी माणसं, आगाऊ नोंदणी, अंगावर लाइफजॅकेट आणि सोबत त्याच गावचा शिकलेला माणूस. आज आपल्याकडे यातलं एकही पूर्ण होत नाही. बंद म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणी चोरवाटांनी पार्ट्या चालतात, आणि जिथे हक्काने जाता यावं तिथे साधा दोरसुद्धा टांगलेला नसतो.

आपल्याकडे पाणी किती आहे ते आधी बघू या. खानापूर तालुक्याच्या पश्चिम कडेवर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. देगावच्या बाजूचा थेंब म्हादईतून गोव्यात आणि अरबी समुद्रात जातो, तर कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. मार्कंडेय नदी राकसकोपच्या धरणाला अडते, पुढे गोकाकच्या बाजूला घटप्रभेत जाते. घटप्रभा महाराष्ट्रातून येते आणि हुक्केरी तालुक्यात हिडकलला थांबते. मलप्रभा सौंदत्तीला नविलुतीर्थला थांबते. रामनगरच्या पलीकडे जोयडा तालुक्यात काळी नदीवर सूपा आणि त्याच्या खाली नदीच्या वाटेवर बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी एकामागून एक धरणं आहेत, आणि त्यांच्या भोवतीनं काळी व्याघ्र प्रकल्प पसरला आहे. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून २००७ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. एवढं पाणी, एवढं रान दीड-दोन तासांच्या अंतरावर असताना आपली मुलं वीकेंडला रिसॉर्टच्या क्लोरीनच्या पाण्यात उभी राहून फोटो काढतात.

पाण्याशी आमची ओळख तुटली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. आमच्या पश्चिम भागात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे विहीर. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, काका नाहीतर थोरला भाऊ आधी पाण्यात, वरून कुणीतरी ढकलायचा. चार दिवस रडारड, आठव्या दिवशी डबा सुटायचा आणि महिन्याभरात तेच पोर काठावरून मुटका मारायचं. कुठं ठाव लागतो, कुठं लागत नाही, दमल्यावर उताणं पडून तरंगायचं कसं, बुडणाऱ्याला मिठी मारू द्यायची नाही, त्याला मागून केसाला धरायचं, ही सगळी विद्या त्या विहिरीत मिळायची. मुलींना मात्र ती फार कमी मिळाली. किटवाडच्या चार मुलींचा विचार करताना हे माझ्या मनातून जात नाही. आता बोअरवेलमुळे विहिरी आटल्या, काही बुजवल्या, ज्या आहेत त्यांच्यावर जाळ्या आल्या. शहरात पोहण्याचे तलाव आणि क्लब आहेत, त्यांनी चांगले जलतरणपटू घडवले, पण तलावात पोहणं शिकलेलं पोर नदीत सुरक्षित असतंच असं नाही. तलावाचा तळ सपाट, फरशीचा आणि दिसणारा असतो.

धरणाचं पाणी तर त्याहून वेगळं, आणि हे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक सहलीवाले धरणाच्या फुगवट्याला तळं समजतात. तळ्याचा काठ वर्षानुवर्षं तोच असतो. धरणाचा काठ रोज सरकतो. मे महिन्यात जिथे गुरं चरतात तिथे ऑक्टोबरात तीन पुरुष पाणी असतं. त्या पाण्याखाली बुडालेल्या गावांची जोती आहेत, उघड्या विहिरी आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत. हिडकलमध्ये हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की ते दिसतं आणि लोक बघायला जातात. जे मंदिर उन्हाळ्यात आपण चालत जाऊन बघतो त्याच्या कळसावरून दिवाळीत होडी जाऊ शकते, हे काठावर उभ्या असलेल्या नवख्या माणसाला कसं कळावं? गुडघाभर पाण्यात चालताना पाय अचानक जुन्या नदीच्या पात्रात जातो आणि ठाव सुटतो. पाणी उतरलेल्या काठावर वरून सुकलेला, आतून ओला गाळ असतो, त्यात मांडीपर्यंत रुतायला होतं. धरणाच्या खालच्या अंगाला दरवाजे उघडले की कोरडं पात्र भरून येतं. हे सगळं पाटबंधारे खात्याच्या माणसांना तळहातासारखं माहीत आहे. लोकांना माहीत नाही. काठावरच्या पाटीवर फक्त 'धोका' असतं. कसला धोका, कुठं, कुठल्या महिन्यात, हे नसतं.

आता एक दूरचं उदाहरण देतो. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर, मिनेसोटा राज्यात, व्हॉयेजर्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९७१ मध्ये त्याचा कायदा झाला, १९७५ मध्ये ते स्थापन झालं. सुमारे २ लाख १८ हजार एकरांच्या या उद्यानाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ पाणी आहे. रेनी, काबेटोगामा, नामाकान आणि सँड पॉइंट ही चार मोठी सरोवरं आणि आतल्या जमिनीवर २६ लहान तळी. भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून फर वाहून नेणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन नाविकांवरून उद्यानाला नाव पडलं; त्यांच्याही कितीतरी आधीपासून ओजिब्वे लोक त्या पाण्यावर राहत आले आहेत.

मला त्या उद्यानाचं कौतुक त्याच्या देखण्या फोटोंसाठी नाही, त्याच्या नियमांसाठी आहे. तिथे तंबू ठोकायच्या, हाऊसबोट बांधायच्या आणि दिवसभर थांबायच्या मिळून २७० हून अधिक ठरवून दिलेल्या जागा काठांवर आणि बेटांवर आहेत, आणि तिथे जायचं तर पाण्यानेच. तंबूच्या जागेवर चूल पेटवायचं कडं, टेबल, संडास आणि अस्वलाला उघडता येणार नाही अशी अन्न ठेवायची पेटी. जागा आधी नोंदवायची, जितक्या जागा तितकीच माणसं. आपला कचरा आपण परत न्यायचा. बोटीत जितकी माणसं तितकी लाइफजॅकेटं असलीच पाहिजेत. हिवाळ्यात सरोवरं गोठतात तेव्हा बर्फावरून गाडीचा रस्ता आखतात, तोही बर्फाची जाडी मोजून.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या लहान तळ्यांचं. मोठ्या सरोवरांत स्पायनी वॉटर फ्ली नावाचा परका सूक्ष्म जलचर शिरला, तो माशांच्या खाद्याचा नाश करतो. तो आत पसरू नये म्हणून आतल्या तळ्यांत खासगी होडी न्यायला बंदी आहे. लोकांना त्या तळ्यांचं दार मात्र बंद केलेलं नाही. उद्यानानं स्वतःच्या होड्या तिथे ठेवल्या आहेत. त्या भाड्यानं घ्यायच्या, वल्हवायच्या, तिथेच सोडायच्या. गळाला जिवंत आमिष लावायचं नाही. म्हणजे पाण्याला ज्यातून धोका होता तेवढीच गोष्ट त्यांनी रोखली, माणसाची वाट मोकळी ठेवली. बंदी कशी घालावी याचा याहून समंजस नमुना मला सापडलेला नाही.

आणि तिथली सीमा. त्या चारपैकी रेनी, नामाकान आणि सँड पॉइंट या सरोवरांच्या मधून दोन देशांची सरहद्द जाते. पाण्याची पातळी नैसर्गिकही नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या धरणांनी ती धरलेली आहे. ती किती ठेवायची ते १९०९ च्या सीमाजल करारातून उभा राहिलेला दोन्ही देशांचा संयुक्त आयोग ठरवतो. आपला सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे आणि या पत्रात मला तो काढायचा नाही. पण राकसकोपचं पाणी तुडयेच्या शिवाराला लागतं, घटप्रभेचं पाणी वरून चंदगड-आजऱ्याच्या बाजूनं येतं, बेळगावची पोरं किटवाडला जातात आणि चंदगडची माणसं दवाखान्यासाठी बेळगावला येतात. दोन देश एका सरोवराच्या पातळीवर एका टेबलाशी बसत असतील तर दोन जिल्ह्यांचे अधिकारी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, बुडणाऱ्या माणसासाठी बसू शकतील. किटवाड, सुंडी, तिलारीच्या वाटेवर अपघात झाला तर पहिला फोन कुणाला, रुग्णवाहिका कुठल्या बाजूची, बोट आणि पाणबुडे कुणाचे, एवढं जरी आधी ठरलं तरी हद्दीच्या वादात जाणारी पहिली पंधरा मिनिटं वाचतील. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत त्यानंतरच्या मिनिटांना फार अर्थ नसतो.

मग आपल्याकडे कुठलं पाणी उघडावं आणि कुठलं नाही? माझं मत स्पष्ट आहे.

राकसकोप उघडू नका. ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे, आकारानं लहान आहे, आणि एका वाईट रविवारची घाण तिथे आठवडाभर राहते. दरवर्षी पूर्ण भरल्याची २४७५ फुटांची पातळी गाठली की शहर सुटकेचा श्वास टाकतं, त्या पाण्यावर मौजेसाठी होड्या नकोत. काठानं पायवाट असू द्या, पक्षी बघायला दोन आडोसे बांधा, बस्स.

भीमगड अभयारण्यातही पाण्याचे खेळ आणू नका. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं हे १९० चौरस किलोमीटरचं रान म्हादईचं माहेर आहे. बारापेडे गुहांमधलं राऊटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला ठाऊक झालं, आणि पुढे कित्येक दशकं जगात फक्त तिथेच राहतं अशी समजूत होती. त्या गुहांकडे कुणीही जाऊ नये, अभ्यासकसुद्धा परवानगीशिवाय नकोत. भीमगडात पायी चालण्याच्या दोन-तीन ठरलेल्या वाटा, हिवाळ्यात, वाटाड्यासह, एवढं पुरे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात पर्यटनासाठी प्रवेश परवाना देण्याची तरतूद आहेच. २०२४ च्या सुरुवातीला कुमारपर्वतावर एकाच वेळी गर्दी उसळल्यावर राज्य सरकारनं ट्रेकिंगसाठी ऑनलाइन नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आणली. तीच पद्धत भीमगडच्या वाटांना आणि पुढे पाण्याला लावा. नवीन कायदा लागत नाही.

सूपा आणि काळीच्या फुगवट्याबद्दल निर्णय बेळगावात होत नाही, तो उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्याचा आणि व्याघ्र प्रकल्पाचा विषय. तरी तिथून एक धडा घ्यायला हवा. गणेशगुडीला राफ्टिंग चालतं ते सूपाच्या वीजकेंद्रातून पाणी सोडलं की. म्हणजे खेळाचं वेळापत्रक यंत्रं ठरवतात, आणि ते ज्याला माहीत आहे तोच तिथे सुरक्षित आहे. तिथली पोरं नदी वाचायला शिकली आहेत, त्यांच्या हातात वल्हं असलं की बसणाऱ्याला धीर येतो. पण सुट्टीच्या दिवशी त्याच नदीवर एकमेकांना चिकटून होड्या, काठावर कर्णे आणि पाण्यात प्लॅस्टिक हेही आहे. गर्दी आली की आधी पाहुणे वाढतात, नियम मागून येतात. हिडकलला तो क्रम उलटा ठेवा.

हो, उघडायचं ते हिडकल. ५१ टीएमसीचा हा जलाशय मोठा आहे, रस्त्याला जवळ आहे, अभयारण्यात नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भरल्यानंतर हिवाळाभर त्याचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. बेळगावला त्याचंही पाणी प्यायला येतं, म्हणूनच इंजिनाची बोट एकही नको. स्पीडबोट नको, जेटस्की नको, तरंगतं हॉटेल तर नकोच. भिंतीपासून आणि पाणी उपसण्याच्या जागेपासून दूर, एकच आखात निवडा. त्याचा तळ पाणी उतरलेलं असताना मे महिन्यात चालून बघा, जोती, विहिरी, बुंधे नोंदवा, तेवढा भाग तरंगत्या खुणांनी वेगळा करा. हे काम पाटबंधारे खात्याचे सर्वेक्षक दोन-तीन आठवड्यांत करतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत, कारण दुपारनंतर वारा उठतो. कयाक आणि वल्ह्याच्या होड्या तिथल्याच, बाहेरून कुणी आणायच्या नाहीत. कॅमेऱ्यासाठी सुद्धा लाइफजॅकेट काढायचं नाही. दारूच्या बाटलीसह आलेला माणूस गेटवरूनच परत जाईल, मग तो कुणाचाही ओळखीचा असो. काठावर थोड्याशा तंबूच्या जागा, प्रत्येक जागेला संडास आणि ठरलेली चूल. गाणी लावायची नाहीत. रात्री पाण्यात उतरायचं नाही.

आणि हे चालवायला बाहेरची कंपनी नको. हिडकलसाठी ज्यांची शेतं-घरं बुडाली त्यांची मुलं-नातवंडं आहेत. काठावर मासेमारी करणारी कोळी, भोई, अंबी समाजाची कुटुंबं आहेत. तिकडे अथणी-चिकोडीकडे कृष्णेच्या पुरात गुळाच्या काहिलीत बसवून माणसं बाहेर काढणारे हात आहेत. कुठेही कुणी बुडालं की पोलीस आधी गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाच हाक मारतात. तो लुंगी खोचून उतरतो, प्रेत वर काढतो, कुणीतरी त्याच्या हातावर शंभर-दोनशे ठेवतं आणि सगळे आपापल्या वाटेनं जातात. त्याच माणसाला प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, विमा द्या आणि मासिक पगारावर ठेवा. मेलेल्यांना वर काढणारा माणूस जिवंत माणसांच्या सोबतीला आधीच उभा असेल तर त्याला प्रेत काढायची वेळच येणार नाही. भीमगडबद्दलही हेच. तळेवाडीच्या कुटुंबांनी रान सोडून बाहेर येणं स्वीकारलं. गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूरच्या लोकांपुढे तोच प्रश्न आहे. जे बाहेर येतील आणि जे राहतील, दोघांनाही त्या रानात वाटाड्या म्हणून काम करण्याचा पहिला हक्क असला पाहिजे. म्हादईचा कुठला डोह उन्हाळ्यातही आटत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि तो माणूस बेळगावच्या हॉटेलात टेबल पुसत बसला तर ती माहिती त्याच्याबरोबरच संपेल.

पाट्यांबद्दल बोलायलाच हवं. खानापूर, बेळगाव तालुका, निपाणी या पट्ट्यात येणारे बरेच पाहुणे मराठी वाचतात. बरेच जण कन्नड वाचू शकत नाहीत, त्यात कोल्हापूर, सांगली, गोव्याकडून येणारेही आले. जिथे भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ ते २० टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्रानं १९५६ मध्येच मान्य केलेलं आहे. पाण्याच्या काठावरची सूचना यापेक्षा महत्त्वाची कुठली असणार? कन्नड वर असू द्या, मोठ्या अक्षरात असू द्या, खाली मराठी असू द्या. आणि ज्याला दोन्ही वाचता येत नाहीत त्याच्यासाठी चित्र असू द्या : पाण्याखालची विहीर, घसरता खडक, दरवाजा उघडल्यावर वाढणारं पाणी. पाटीवर तारखेसह आजची पातळी खडूनं लिहिली तर ती पाटी लोक वाचतील. वर्षानुवर्षं तेच लिहिलेली गंजकी पाटी कुणी वाचत नाही.

पाटीशेजारी एक खांब, खांबाला तीस मीटर दोर आणि फेकायचं रिंग. किटवाडसारख्या जागी त्या दिवशी काठावर कितीतरी जण उभे होते. हातात दोर असता तर पाण्यात उडी न मारता काहीतरी करता आलं असतं. दोर चोरीला जाईल, हे उत्तर मला मान्य नाही. गेला तर दुसरा लावा. दोर महाग नाही.

जांबोटी ते कणकुंबीच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, हे आपल्याला माहीत आहे. मग परवाना देताना चौकीवर नाव, माणसांची संख्या आणि परतायची वेळ लिहून घ्या, आणि संध्याकाळी ती वही मिटवताना कोण परतलं नाही ते बघा. एवढ्याशा सवयीनं शोधकार्य दुसऱ्या दिवशी सकाळऐवजी त्याच संध्याकाळी सुरू होईल. कॉलेजांच्या सहलींना तर ही नोंद सक्तीची करा, आणि चाळीस मुलांमागे पोहता येणारी किमान दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई, असल्याशिवाय पाण्याजवळच्या सहलीला शिक्षण खात्यानं परवानगी देऊ नये.

पोहणं शिकवण्यासाठी मात्र हिडकलची वाट बघायला नको. गावोगावी ज्या चांगल्या बांधीव विहिरी अजून भरलेल्या आहेत त्यांतली प्रत्येक हायस्कूलमागे एक निवडा, पायऱ्या दुरुस्त करा, पाणी तपासा, एप्रिल-मे मध्ये सकाळी मुलांसाठी आणि वेगळ्या वेळेत मुलींसाठी वर्ग चालवा. मुलींचे वर्ग शिकवायला बायकाच हव्यात, नाहीतर आया पाठवणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. मुटका मारता आलाच पाहिजे असं नाही. पाच मिनिटं उताणं तरंगता यावं, पंचवीस मीटर जाता यावं आणि बुडणाऱ्याकडे हात न देता दोर द्यायचा हे अंगात मुरावं. दोन उन्हाळे हे नीट केलं तर जिल्ह्यातली एक पिढी पाण्याजवळ वेगळी वागेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा फार लागत नाही, तीन खात्यांची एक बैठक लागते. आखाताचं सर्वेक्षण मे महिन्यात पाणी खाली असतानाच होईल, ती संधी गेली की वर्ष गेलं. तेव्हा मार्चअखेर बैठक घ्या. त्या बैठकीला हिडकलच्या काठावरचे मासेमार, भीमगडच्या गावांतली माणसं, चंदगडचे तहसीलदार आणि बेळगावचे पोहणं शिकवणारे लोक यांना बोलवा. कन्नड आणि मराठी दोन्ही समजणारं कुणीतरी इतिवृत्त लिहायला बसवा. आमच्या भागातल्या दोन विहिरींचे मालक उन्हाळी वर्गांसाठी विहीर द्यायला तयार आहेत, आणि तिथे शिकवायला मी आणि माझ्यासोबत पोहणारी माणसं विनामोबदला येऊ. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला एक रहिवासी